‘बर्न-इन होऊ दे, आवाज वाढवू नकोस’

स्वतःच्या हाताने वस्तू बनवणाऱ्याला फसवणं सोपं असतं. तयार ॲम्प्लिफायर जळला तर आपण विकणाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. स्वतः जोडलेला जळला की रात्र रात्र आपलंच सोल्डरिंग भिंगाखाली धरून बसतो. मला ज्याने गंडवलं त्याला हे पक्कं ठाऊक होतं. त्याचा सगळा व्यवहार या एका गोष्टीवरच चालत होता.

आमच्या गोतावळ्यात त्याला सगळे काका म्हणायचे. स्पीकरची खोकी बनवणारे, त्यासाठी लागणारे सर्किट बोर्ड स्वतः जोडणारे आणि सुट्टीच्या दिवशी सायकली दामटणारे असे आम्ही लोक. एकाला तिन्ही खुळं का लागतात कोण जाणे, पण लागतात. काकांना तिन्हीतलं कळत होतं, हे मी आजही नाकारणार नाही. डव्हटेलचा, म्हणजे लाकूड एकमेकांत अडकवणारा, सांधा ते असा बसवायचे की फटीत कागद जाणार नाही. वूफरचे, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचे, थील-स्मॉल आकडे (त्याचं वागणं सांगणारी मोजमापं) सांगितले की खोक्यात खर्ज वाढवायला बसवायची बास रिफ्लेक्सची नळी साधारण किती लांब लागेल हे तोंडी सांगायचे. टायरमध्ये हवा किती हवी यावर तासभर बोलायचे. फसवणारा माणूस अडाणी असतो असं कुणी समजत असेल तर ते डोक्यातून काढून टाका.

मला क्लास एबी (घरगुती ॲम्प्लिफायरची नेहमीची रचना) ॲम्प्लिफायरसाठी आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारे शेवटचे ट्रान्झिस्टर, हवे होते. दर चॅनलला दोन जोड्या, २एससी५२०० आणि २एसए१९४३. तोशिबाची ही जोडी छंदवाल्यांत घरोघरी माहीत आहे: २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॉट. इतकी लोकप्रिय असल्यामुळेच हिचे बनावट नगही ढिगाने फिरतात, हे मलाही माहीत होतं. म्हणून तर अनोळखी ठिकाणी न घेता काकांना विचारलं.

“आहेत की,” ते म्हणाले. “जुन्या साठ्यातले. एकाच लॉटचे, ‘ओ’ ग्रेड, सगळे मोजून जुळवलेले. तुला हवेत म्हणून देतो, नाहीतर मी हे बाहेर काढत नाही.”

त्यांनी प्रत्येक नगाच्या गेनचा, म्हणजे छोटा करंट तो किती पट मोठा करतो त्याचा, तक्ता पाठवला. (‘ओ’ ग्रेड ही गेनचीच प्रतवारी.) फोटो पाठवला, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. मी ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही (आउटपुटवाल्यांना चालवणारे छोटे) मागितले होते, त्यावर म्हणाले, “ते नको घेऊस माझ्याकडून. तुझ्याकडचे चांगले आहेत, उगाच खर्च कशाला?” या एका वाक्याने मी गारद झालो. जो माणूस विक्री नाकारतो तो खोटं कशाला विकेल? आता मागे वळून पाहताना वाटतं, त्या तक्त्यापेक्षा आणि फोटोपेक्षा हा नकारच सर्वांत पक्का सापळा होता. तोही त्यांना फुकटातच पडला.

पैसे त्यांनी थेट खात्यावर मागितले. “मधल्या कंपनीला दलाली कशाला द्यायची?” पटण्यासारखंच होतं. त्या मधल्या कंपनीकडे तक्रार करता येते आणि थेट पाठवलेल्या पैशांबाबत कुणी विचारत नाही, हा हिशेब त्यांच्या डोक्यात होता.

पार्सल आलं. त्यात पॉवर सप्लायचे कपॅसिटर (वीज साठवणारे डबे) आणि स्पीकरची केबलही होती. तीही त्यांनीच ‘सोबत घेऊन टाक’ म्हणून दिलेली. मल्टिमीटरवर प्रत्येक ट्रान्झिस्टर तपासला. जंक्शन ठीक, गेन तक्त्याबरहुकूम. पहिल्यांदा करंट देताना रीतीप्रमाणे सिरीजमध्ये बल्ब लावला. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे कुठे शॉर्ट नव्हता. बायस, म्हणजे गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट, लावला. आउटपुटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, जवळजवळ शून्य. गाणं लावलं. छान वाजलं.

मग काकांचा निरोप आला: “आता घाई नको. बर्न-इन होऊ दे. काही आठवडे हळू आवाजातच वाजव, आवाज वाढवू नकोस. आतली रचना बसायला वेळ लागतो.”

बर्न-इन, म्हणजे नवी वस्तू काही काळ वाजवून मुरू देणं, या शब्दाने आमच्यातले निम्मे लोक हात जोडतात. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. नव्या वूफरचं सस्पेन्शन, म्हणजे पडदा धरून ठेवणारा लवचिक भाग, सुरुवातीच्या तासांत थोडं सैल पडतं, त्याचा रेझोनन्स (तो आपसूक ज्या सुरावर हलतो तो) किंचित खाली येतो, आणि हे मोजून दाखवता येतं. पण ट्रान्झिस्टरमध्ये सैल पडण्यासारखं काही नसतं. पहिल्या मिनिटाला तो जसा असतो तसाच महिन्यानेही असतो. काकांना ते पक्कं माहीत होतं. त्यांना हवे होते ते काही आठवडे, म्हणजे माल कधी आला, कुठल्या पाकिटातून आला, आधीच्या बोलण्यात काय ठरलं, सगळं जुनं होऊन जातं. शिवाय हळू आवाजात बनावट ट्रान्झिस्टर सहसा दगा देत नाही.

दगा मिळाला तो मी आवाज खऱ्या अर्थाने चढवला त्या दिवशी. खर्जातला एक लांब सूर चालू होता. फट् असा आवाज झाला, बिघाड होताच स्पीकर वेगळा करणाऱ्या रिलेने जोडणी तोडली, उजवा चॅनल मुका. रिलेने वेळेत तोडलं म्हणून वूफर वाचले. माझा सप्लाय अधिक ५० आणि उणे ५० व्होल्टचा. ते ५० व्होल्ट डीसी वूफरच्या सहा ओहमच्या व्हॉइस कॉइलवर (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) थेट बसले असते तर चारशे वॉटच्या वर उष्णता कॉइलमध्ये. काही क्षणांत कोळसा.

काकांना कळवलं. उत्तर लगेच आलं, आणि किती मायेनं! “अरे, होतं असं. बायस जास्त ठेवला असशील. नाहीतर अभ्रकाच्या चकतीखाली पेस्ट कमी पडली. हीटसिंक सपाट होतं का? माझेही सुरुवातीला खूप जळले.” मी हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, काढून सपाटपणा तपासला. उष्णता पुढे नेणारी पेस्ट पुसून पुन्हा लावली. बायस पुन्हा मोजला. काहीच चुकलेलं सापडेना, तरी वाटत राहिलं की चूक माझीच असणार.

उलगडा झाला तो सायकलमुळे. एका मित्राचा कार्बन हँडलबार क्लँपपाशी तडकला होता. स्टेमवर, म्हणजे हँडलबार धरणाऱ्या भागावर, आवळण्याची मर्यादा ५ न्यूटन-मीटर छापलेली आणि त्याने हँडलबार टॉर्क पाना लावूनच आवळलेला. त्याला मिळालेलं उत्तर: “तू जास्त आवळलास.” दुसऱ्याने स्पीकरच्या खोक्यासाठी बर्च प्लाय घेतला होता. खऱ्या बाल्टिक बर्चच्या १८ मिलिमीटरच्या फळीत १३ थर असतात, सगळे बर्चचेच. याच्या फळीला वर-खाली सुंदर पापुद्रा आणि आत मऊ लाकडाचे जाड थर, मधे मधे पोकळ्या. राउटर (लाकडाची कड कोरणारं यंत्र) फिरवला की कडा उसवायच्या. त्याला मिळालेलं उत्तर: “तुझं बिट बोथट असेल.” दोन्ही वस्तू काकांकडच्याच. तिघे बोलायला बसलो तेव्हा लक्षात आलं की वस्तू तीन, पण उत्तर एकच आहे: तुझा हात चुकला.

त्या रात्री जळका ट्रान्झिस्टर व्हाइसच्या जबड्यात धरून फोडला. काळं प्लॅस्टिक कडकन उडालं. (कुणी करणार असाल तर चष्मा लावा, तुकडे डोळ्याकडेच येतात.) तांब्याच्या पट्टीवर सिलिकॉनची चौकोनी चकती दिसली (ट्रान्झिस्टरचं खरं काम हीच करते), जेमतेम अडीच मिलिमीटर बाजूची, एका कोपऱ्यात वितळून खड्डा पडलेली. माझ्या जुन्या, मूळच्या ॲम्प्लिफायरमधला एक मेलेला अस्सल नग होता, तोही फोडला. त्यातली चकती साधारण दुप्पट लांबी-रुंदीची होती. म्हणजे क्षेत्रफळ चौपट. उष्णता बाहेर पडायची ती या चौकोनातूनच. लहान चौकोनावर मोठा करंट आला की एक ठिपका जास्त तापतो, तापला की आणखी करंट त्याच ठिपक्याकडे धावतो आणि तिथेच भोक पडतं. सेकंड ब्रेकडाउन म्हणतात ते हेच. त्यात बायसचा आणि पेस्टचा काही दोष नव्हता.

मग उरलेल्या मालावर ब्लेड चालवलं. कपॅसिटरवर १०,००० मायक्रोफॅरड छापलेलं. निळी प्लॅस्टिकची खोळ कापली, ॲल्युमिनियमचा डबा उघडला, तर आत कागदाच्या वेटोळ्यात गुंडाळलेला दुसराच लहान कपॅसिटर, स्वतःचं वेगळं लेबल मिरवत. खरं सांगू? क्षणभर राग बाजूला राहिला आणि त्या कारागिरीला दाद द्यावीशी वाटली. केबलची तार खरवडली तर तांबूस थराखाली चंदेरी निघाली. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, ज्याची वाहकता तांब्याच्या जेमतेम ६० टक्क्यांच्या आसपास.

हे तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून आता मी काय करतो ते सांगतो. साध्या मीटरवरच्या गेनला भुलायचं नाही, कारण तो अगदी कमी करंटवर मोजलेला असतो आणि त्यात लहान चकतीही पास होते. २एससी५२०० च्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, ७ अँपिअरला गेन किमान ३५ दिलेला आहे. क्षणभराच्या पल्सने तिथे मोजला तर लहान चकतीचा गेन बहुधा कोसळलेला दिसतो. एवढी जुळणी नसेल तर कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) मोजणारा मीटर पुरतो. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी कलेक्टर आणि बेसमध्ये मोजा, तिसरा म्हणजे एमिटर मोकळा ठेवून. डेटाशीटमध्ये १० व्होल्टवर २एससी५२०० साठी २०० पिकोफॅरड आणि २एसए१९४३ साठी ३६० असे नमुना आकडे आहेत. मीटरवर जवळजवळ शून्य व्होल्ट असतं, त्यामुळे अस्सल नग तिथे याहून बराच जास्त आकडा दाखवायला हवा. तुमचा आकडा डेटाशीटच्याही पुष्कळ खाली असेल तर तो नग ॲम्प्लिफायरमध्ये घालूच नका. ॲसिटोनचा बोळा फिरवून अक्षरं पुसली गेली तर प्रश्नच मिटला. न पुसली गेली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण बनावटवाल्यांकडेही लेझर आहे.

आणि दर खरेदीत एक नग फोडायला म्हणून जादाच घ्या. मोठ्या कपॅसिटरचा कपॅसिटन्स मोजून पाहा आणि वजनही करा, त्याच प्रकारच्या अस्सल नगाशी ताडून. प्लाय घेताना फळीची कड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्बनच्या बाबतीत तर मी दुसऱ्याच्या हातातून काहीच घेत नाही; ॲम्प्लिफायर जळला तर फार तर स्पीकर जातो, उतारावर हँडलबार तुटला तर दात जातात.

माल हाती येताच चाचणी करा, आणि पूर्ण जोराने करा. स्पीकरऐवजी डमी लोड म्हणून मोठ्या वॉटचे रेझिस्टर लावा आणि ॲम्प्लिफायर तापू द्या. विकणारा ‘हळूहळू’ म्हणाला की त्याच दिवशी आवाज वाढवा. पैसे अशाच मार्गाने द्या जिथे तक्रार नोंदवता येते. आणि पाकीट उघडतानाचा व्हिडिओ ठेवा. पार्सलमधल्या नगांवरचा छाप फोटोतल्या छापाशी जुळत नव्हता, हे मला नंतर दिसलं. काकांनी साळसूदपणे सांगितलं की तू बदलले असशील.

आम्ही तिघांनी फोटो, मोजमापं, निरोप सगळं एकत्र करून त्यांच्यासमोर ठेवलं. हँडलबारचे पैसे परत आले, कारण तो एकच व्यवहार तक्रार करता येईल अशा मार्गाने झाला होता. माझे आणि प्लायवाल्याचे आले नाहीत. बँकेने सांगितलं की पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवलेत.

गोतावळ्यातले काही जण अजून म्हणतात की काका स्वतःच कुणाकडून तरी फसले असतील. एखाद्या वस्तूबाबत मानलंही असतं. पण मोजमाप करून तक्ता बनवणारा माणूस कपॅसिटन्स मोजत नाही हे मला पटत नाही. अलीकडे ते दुसऱ्या नावाने ‘जुळवलेल्या’ व्हॅक्यूम ट्यूब विकतायत असं कळलं. सोबत तक्ता, तारखेची चिठ्ठी आणि फोटो. कुणाला असा तक्ता आला तर ट्यूब घेण्याआधी एवढंच विचारा, मोजमाप किती व्होल्टला, किती मिलिअँपिअरला आणि कुठल्या यंत्रावर केलं. पैसे देण्याआधी परतीची अट लेखी मागा.