‘अपील करा’ हे बटण: पाचपैकी दोन तारे

दोन तारे देतेय. एक पोस्ट शेवटी परत मिळाली म्हणून. दुसरा कशासाठी ते पुढे येईलच. तोही मी मध्यंतरी काढून घेणार होते.

ही सेवा कुणी हौसेने वापरत नाही. तुमची पोस्ट काढली की नोटिशीच्या खाली एक निळं बटण येतं, त्यावर ‘अपील करा’ असं लिहिलेलं असतं. अ‍ॅपचं नाव मुद्दाम घालत नाही. थोड्याफार फरकाने हे बटण बहुतेक मोठ्या अ‍ॅपांत सापडेल, आणि मला भांडायचंय ते बटणाशी.

मी मुद्रितशोधक आहे. २२ वर्षं लोकांच्या वेलांट्या आणि उकार जागेवर बसवण्यात गेली. त्या नादात म्हणी गोळा करायची सवय लागली. रोज एक म्हण, तिचा अर्थ आणि ती कुठे वापरू नये याबद्दल दोन वाक्यं, असा माझा उद्योग त्या अ‍ॅपवर चालतो. म्हणींना क्रमांक देते, नाहीतर त्याच त्याच परत येतात. १४२वी होती ‘आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही’.

सकाळी टाकली, पाच मिनिटांत गेली. कारण: ‘आत्महत्या किंवा स्वतःला इजा करण्यास प्रोत्साहन’.

आधी हसले. आपलं काम आपणच केल्याशिवाय होत नाही, एवढाच तिचा अर्थ, आणि तो मी खाली लिहिलाही होता. पण मग मराठी न येणाऱ्याच्या डोळ्यांनी ती ओळ परत वाचली. मेल्याशिवाय. स्वर्ग. दिसत नाही. एखाद्या खचलेल्या पोराला कुणी हे खाजगीत पाठवलं असतं तर? तर ती ओळ ताबडतोब गेलेलीच बरी. त्यामुळे पहिल्या फेरीसाठी मी यंत्राला बोल लावत नाही. दिवसाला कोट्यवधी पोस्टी चाळायच्या म्हटल्यावर साप समजून भुई धोपटली जाणारच.

शिवाय नोटिशीच्या आधी एक पडदा आला होता. मदतीचा फोन नंबर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. खाली तीनच वाक्यं, साधी, उपदेशाचा वास नसलेली. ‘कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल तर’ अशी सुरुवात. त्या अ‍ॅपमधलं एवढं एकच मराठी असं आहे की त्यावर मला लाल पेन चालवावंसं वाटलं नाही. ज्याने कुणी ते लिहिलं त्याला दुसरा तारा.

मग बटण दाबलं.

चार पर्याय आले. ‘हे नियमांच्या विरोधात आहे असे मला वाटत नाही’, ‘मला निर्णय समजला नाही’, ‘तो विनोद होता’ आणि ‘इतर’. मी ‘इतर’वर टिचकी मारली आणि चौकट उघडायची वाट बघत बसले, कारण सांगायचं एवढंच होतं की ही म्हण आहे, कुठलाही शब्दकोश उघडा. चौकट आली नाही. ‘धन्यवाद’ आलं. ‘इतर’ या शब्दापुढे एक मोकळी रेघ असते, असं मी आयुष्यभर समजत होते.

अपील गेलं ७ वाजून ५२ मिनिटांनी. ७ वाजून ५६ मिनिटांनी उत्तर: ‘आम्ही तुमच्या पोस्टचे पुन्हा पुनरावलोकन केले. ती आमच्या मानकांचे अनुसरण करत नाही.’ ‘पुनरावलोकन’मध्ये ‘पुन्हा’ आधीच आहे, हे सोडून देते. मला खटकला तो ‘आम्ही’. कोण आम्ही? माणूस की यंत्र? माणूस असेल तर त्याला मराठी येतं, की त्याने इंग्रजीत झालेलं यांत्रिक भाषांतर वाचलं? चार मिनिटांत एखादी म्हण नक्कीच समजून घेता येते. पण ज्याला दुसऱ्या भाषेतून ती ‘तुम्ही मरेपर्यंत स्वर्ग पाहणार नाही’ अशी दिसली असेल, त्याला चार तास देऊनही उपयोग नाही.

वरचं अपील कुठे आहे हे शोधायला दोन दिवस गेले. सेटिंग्ज, मग ‘खात्याची स्थिती’, मग एका राखाडी बाणावर बोट, मग अगदी तळाशी. पुन्हा तेच चार पर्याय. या वेळी ‘मला निर्णय समजला नाही’ निवडला, कारण तोपर्यंत ते खरं झालं होतं.

अकराव्या दिवशी निरोप आला: ‘आमच्याकडून चूक झाली. तुमची पोस्ट परत आणली आहे.’ वरातीमागून घोडं. अकरा दिवसांपूर्वीची पोस्ट अकरा दिवस खालीच परत येते, तिथे कोण जाणार बघायला? चूक कुठल्या शब्दाने झाली, कुणी पकडली, आता ते यंत्र हा शब्द ओळखेल का, यातलं अक्षरही नाही. आणि ओळखलं नाहीच. १५९वी म्हण ‘मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही’ गेली. या वेळी कारण ‘प्राण्यांवरील क्रूरता’. ती मात्र अपील केल्यावर अर्ध्या दिवसात परत आली, का ते तेच जाणोत.

हे सगळं मी गंमत म्हणून सांगितलं असतं आणि तीन तारे देऊन मोकळी झाले असते. पण मधल्या काळात १५०व्या म्हणीखाली एका गृहस्थांनी लिहिलं, ‘बाई, फार बोलता. तुमच्या फोटोला हार घालायला लवकरच येतो.’ मराठी वाचणाऱ्या कुणालाही याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. मी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर: ‘उल्लंघन आढळले नाही.’ यंत्राच्या बाजूने बघा: फोटो आहे, हार आहे, कुणीतरी कुणाच्या तरी भेटीला येतंय. सत्कारच की! त्यावर अपील केलं. पर्याय चार, चौकट नाही. तो निर्णय आजतागायत बदललेला नाही. तेव्हाच दुसरा तारा काढणार होते. मग त्या फोन नंबरच्या पडद्याचा यात काय दोष, म्हणून ठेवला.

ऑनलाइन बोलण्यावरच्या वादात सगळा आवाज दोनच प्रश्नांचा असतो: हे का काढलं, आणि हे का ठेवलं. अमेरिकेतलं १९९६चं कलम २३० घ्या. वापरकर्त्यांनी लिहिलेल्याची जबाबदारी सहसा कंपनीवर टाकता येत नाही आणि कंपनीने प्रामाणिक हेतूने काही काढलं तर त्यासाठीही तिला धरता येत नाही, या दोन गोष्टींवर तिथे इतकी वर्षं रण माजलंय. काढल्यानंतर त्या माणसाला काय सांगायचं आणि त्याचं कोण ऐकणार, हा प्रश्न दिसायला कारकुनी आहे, म्हणून मागे पडतो. मला विचाराल तर सगळी मेख तिथेच आहे. चुका होणारच असतील, तर चूक सांगायची खिडकी धड हवी.

आणि हे काही नवं शोधायचं नाहीये. २०१८मध्ये काही संघटना आणि अभ्यासकांनी सांता क्लारा तत्त्वं मांडली, त्यांत तीनच मागण्या होत्या: किती काढलं ते आकडे द्या, ज्याचं काढलं त्याला कारण कळवा, अपिलाची खरी संधी द्या. युरोपीय संघाचा डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट फेब्रुवारी २०२४पासून पूर्णपणे लागू झाला. त्यात तर हे कायद्यानेच बांधून घातलंय. कारण स्पष्ट सांगायचं, निर्णयात यंत्राचा वापर झाला का तेही सांगायचं, तक्रार करायला निदान सहा महिने द्यायचे आणि तक्रारीचा निकाल निव्वळ यंत्रावर सोडायचा नाही, योग्य पात्रतेची माणसं वर हवीत. ‘आम्ही कोण’ या माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. फक्त तो कायदा मला लागू नाही.

त्यातलंच आणखी एक कलम मला फार आवडलं. अगदी मोठ्या प्लॅटफॉर्मना, म्हणजे युरोपीय संघात महिन्याला सरासरी साडेचार कोटी किंवा जास्त लोक वापरतात अशांना, मॉडरेशनसाठी, म्हणजे पोस्टी तपासून ठेवायच्या की काढायच्या ते ठरवण्यासाठी, किती माणसं लावली हे संघाच्या अधिकृत भाषांप्रमाणे वेगवेगळं जाहीर करावं लागतं. त्या २४ भाषांत माल्टीज आहे, माल्टाची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या थोडी वर. मराठी मातृभाषा असणारे २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते. माल्टीज माणसाला हिशोब मागता येतो याचं मला वाईट वाटत नाही, हेवा वाटतो.

एका शब्दापायी किती घोळ होतो याचं माझ्या म्हणीपेक्षा फार मोठं उदाहरण ‘शहीद’. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या अशा निर्णयांवर अपील ऐकणारं ओव्हरसाइट बोर्ड मार्च २०२४मध्ये म्हणालं की धोकादायक ठरवलेल्या व्यक्तींसाठी हा शब्द आला की सरसकट काढायचं, हे धोरण सोडा. मेटावर तेव्हा एकाच शब्दामुळे बहुधा सर्वांत जास्त मजकूर काढला जात होता तो याच शब्दाने, आणि अरबीत त्याचे अर्थ अनेक आहेत. त्याच बोर्डापुढे आधी ब्राझीलमधली एक पोस्ट आली होती, स्तनाच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारी. यंत्राने ती नग्नता म्हणून काढली होती. जानेवारी २०२१च्या निकालात बोर्डाने सुचवलं की निर्णय यंत्राने घेतला असेल तर माणसाला तसं कळवा. माझ्या नोटिशीत एवढी एक ओळ असती तरी अकरा दिवस मी त्या अज्ञात ‘आम्ही’ला मनातल्या मनात शिव्या घातल्या नसत्या.

बरं, ते ‘आम्ही’ माणसं असतील तर त्यांच्यावरही राग धरवत नाही. दिवसभर जगातली घाण डोळ्यांखालून घालायची हे त्यांचं काम. मानसिक त्रासाच्या दाव्यात फेसबुकने २०२०मध्ये अमेरिकेतल्या मॉडरेटरांसाठी ५ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली, यावरून काय ते समजा. अशा माणसाला मी दोन ओळींत अर्थ लिहून दिला असता तर त्याचंही काम हलकं झालं असतं. म्हणूनच ती चौकट नसणं मला निव्वळ कद्रूपणा वाटतो.

तुलनेसाठी मॅस्टोडॉनवरच्या, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी आपापले सर्व्हर चालवून जोडलेल्या सोशल नेटवर्कवरच्या, एका छोट्या सर्व्हरवरही खातं काढून पाहिलं. तिथेही १४२व्या म्हणीवर कुणीतरी तक्रार केली. सर्व्हर चालवणाऱ्याने मला थेट विचारलं, याचा अर्थ काय? मी सांगितला. ‘बरं, राहू दे’ म्हणाला. पाच मिनिटांचं काम. पण उद्या त्याचं डोकं फिरलं तर त्याच्यावर कुणी नाही, आणि त्या सर्व्हरवर माझ्या म्हणी वाचायला सतरा माणसं आहेत. त्याला तारे देत नाही, ती सेवा नव्हे, ओळख आहे.

बटण वापरणार असाल तर माझ्याकडून एवढंच: नोटीस आली की आधी स्क्रीनशॉट घ्या, कारण अपील केल्यावर मूळ कारण दिसेनासं होतं. ‘तो विनोद होता’ चुकूनही निवडू नका. माझ्या एका मैत्रिणीने निवडला, तिची पोस्ट अजून आलेली नाही. पोस्ट परत आली तरी ‘खात्याची स्थिती’ उघडून बघा. माझ्याकडे नियम मोडल्याची खूण म्हणून आलेला पिवळा ठिपका अजून तसाच आहे, दोन्ही पोस्टी परत येऊनही. त्याविरुद्ध अपिलाचं बटण नाही.

त्या ठिपक्याने एक झालं. मी शब्द चाचपायला लागले. इंग्रजीत लोक ‘मेला’ म्हणायच्या जागी ‘अनअलाइव्ह’ लिहितात म्हणून मी नाक मुरडायचे. परवा स्वतःच ‘मे-लेल्या’ असं मध्ये रेघ घालून टाइप केलं आणि आपण काय करतोय ते बघून चष्मा काढून ठेवला. १८७वी म्हण आहे ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’. अर्थ लिहून झालाय, उदाहरणही शोधायला लांब जावं लागलं नाही. नऊ दिवस झाले, ड्राफ्टमध्येच आहे.