लोकलमध्ये जर्मन: डुओलिंगो की अँकी?

ठाण्याहून ऐरोलीला ट्रान्स-हार्बरने जाता-येता जर्मन शिकायचं मनात असेल, तर आधी एक मान्य करा: गर्दीत तोंड उघडता येत नाही. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन. मोकळे राहतात ते अंगठा आणि कान. ए१ या जर्मनच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेची माझी बरीच तयारी अशीच झाली.

डुओलिंगो हे भाषा शिकवणारं ॲप सवय लावतं, हे खरंच. सलग दिवसांचा आकडा मोडू नये म्हणून मी रात्री पावणेबाराला पांघरुणात धडे केलेत. पण समोरच्या पर्यायांतून शब्द उचलणं सोपं. कोऱ्या कागदावर तोच शब्द आठवत नाही. शिवाय मी इंग्रजीतून शिकले, तिथे फसले. इंग्रजीला सगळ्यासाठी एकच 'द'. जर्मनमध्ये डेर, डी, दास, म्हणजे आपलेच तो, ती, ते! इंग्रजीच्या दारातून गेलं की ही घरची ओळख लक्षातच येत नाही.

अँकी हे पाठांतराच्या कार्डांचं ॲप, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. दिसायला सरकारी फॉर्मसारखं, पण कार्डं आपली आपण बनवता येतात. मी ती मराठीत केली. पुस्तक 'दास बूख', चंद्र 'डेर मोंड', यांचं लिंग मराठीशी जुळतं, त्यांच्यावर वेळ घालवला नाही. कार्डं केली ती फितुरांची. सूर्य तिकडे ती, 'डी झोने'. मुलगी चक्क ते, 'दास मेडशेन'! आठवलेलं कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी समोर येतं. चुकलेलं लगेच परत येतं. नेट नसलं तरी चालतं. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर एकदा पैसे भरावे लागतात. खोट एकच, खाडा परवडत नाही. गणपतीत पाच दिवस उघडलं नाही, तर अडीचशे कार्डं तुंबून बसली होती.

ऐकण्यासाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा मोफत अभ्यासक्रम दोघांपेक्षा सरस, तो घ्याच.

राहिलं बोलणं. ए१ला १०० पैकी २५ गुण त्याचे, आणि तिथे परीक्षकांसमोर इतर उमेदवारांना प्रश्न विचारावे लागतात. त्यासाठी मी संध्याकाळी मासुंदा तलावाला फेरी मारताना मैत्रिणीला व्हॉइस मेसेज पाठवायचे. जर्मन 'झेड' म्हणजे 'चमचा'तला च, हे तिनेच पकडून दिलं. 'यू'वर दोन टिंबं असलेला स्वर मात्र आपल्याकडे नाहीच. ओठ 'ऊ'चे करून 'ई' म्हणायची. हे डब्यात करून बघू नका.

परीक्षेची तारीख ठरली असेल तर अँकी, रोज १० नवी कार्डं, जास्त नकोत. भाषा आवडते का एवढंच बघायचं असेल तर महिनाभर डुओलिंगो, तेही फुकटवालं. सशुल्क प्लॅनचे पैसे वाचवून समोरासमोर बोलण्याच्या शिकवणीला द्या.