यूट्यूब सोडून नव्या ॲपवर जावं का?

नव्या व्हिडिओ ॲपच्या माणसाचा फोन येतो. "आमच्याकडे या, दर महिन्याला ठरलेली रक्कम देतो, वाटाही जास्त." चार वर्षं रात्री जागून एडिटिंग केलेल्या माणसाला हा फोन गोड वाटणारच, आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त हो म्हणण्याआधी दोन्ही बाजू तपासून घ्या.

आधी पैसे बघू. यूट्यूब लांब व्हिडिओंच्या जाहिरातीतून येणाऱ्या उत्पन्नाचे ५५ टक्के क्रिएटरला देतं. शॉर्ट्सला क्रिएटरसाठी बाजूला काढलेल्या रकमेतले ४५ टक्के मिळतात. मात्र त्यासाठी हजार सबस्क्रायबर लागतात, शिवाय वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. नव्यांचे आकडे याहून मोठे असतात. लाइव्ह स्ट्रीमिंगमध्ये ट्विचला आव्हान द्यायला आलेल्या किकने सबस्क्रिप्शनचे तब्बल ९५ टक्के स्ट्रीमरला देऊ केले. टक्केवारीत नवा प्लॅटफॉर्म जिंकतो, हे सरळ मान्य करू.

पण ९५ टक्के कशाचे? खरा प्रश्न हा आहे, आणि इथे मिक्सरची गोष्ट आठवते. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मिक्सर या लाइव्ह स्ट्रीमिंग सेवेने निंजा नावाने खेळणारा गेमिंग स्ट्रीमर टायलर ब्लेव्हिन्स ट्विचवरून आपल्याकडे ओढला. तिथे त्याचे एक कोटी चाळीस लाखांवर फॉलोअर होते. मागोमाग श्राउड हा दुसरा नावाजलेला स्ट्रीमरही आला. प्रेक्षक मात्र पुरेसे आले नाहीत. २२ जुलै २०२० रोजी मिक्सर बंद पडलं आणि निंजा पुन्हा ट्विचवर दिसू लागला. तो मोठा माणूस, त्याला परतायला जागा होती. तीस हजार सबस्क्रायबरवाल्याने वर्षभर चॅनेल बंद ठेवलं, तर त्याला तीच जागा परत मिळेलच असं नाही.

व्हेसलने २०१५ मध्ये वेगळा डाव टाकला. हुलू या अमेरिकी व्हिडिओ सेवेचे माजी प्रमुख जेसन किलार यांची ही कंपनी. महिन्याला २.९९ डॉलर भरा, व्हिडिओ यूट्यूबच्या किमान तीन दिवस आधी बघा. तीन दिवस थांबलं की तेच फुकट मिळत होतं! २०१६ मध्ये व्हेरायझन या अमेरिकी टेलिकॉम कंपनीने ती विकत घेऊन सेवा बंद केली.

सगळ्यात बोलका दाखला आपल्याकडचाच. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरापोरींचे फॉलोअर एका रात्रीत गेले. जागा अख्खी मोकळी होती. मोज, जोश, चिंगारी ही देशी ॲप्स धावून आली, पण मोठी बाजी मारली रील्स आणि शॉर्ट्सनी, कारण इन्स्टाग्राम आणि यूट्यूब प्रेक्षकाच्या फोनमध्ये आधीपासूनच होते. क्रिएटरला पैसे देऊन आणता येतं. प्रेक्षकाचा अंगठा ज्या ॲपवर सवयीने जातो, ती सवय अशी विकत मिळत नाही.

सर्चचाही विचार करा. पुरणपोळीचा २०१९ चा व्हिडिओ होळी आली की पुन्हा चालतो. न्यू जर्सीतली सून तो टीव्हीवर लावून कणीक मळते, आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकावर जाहिरातीचा दरही साधारणपणे चांगला मिळतो. नुसत्या फीडवर चालणाऱ्या ॲपमध्ये परवाचा व्हिडिओ आज शोधून सापडत नाही. म्हणून रेसिपी, अभ्यास, शेती, दुरुस्ती असे विषय असतील तर यूट्यूब सोडू नका, हे मी ठामपणे सांगेन.

यूट्यूबचा जाच खोटा नाही. कॉपीराइट क्लेम येतो, मोनेटायझेशन थांबतं आणि समोर बोलायला माणूस मिळत नाही. नव्या ठिकाणी निदान फोन उचलला जातो. लाइव्ह करत असाल किंवा हजार सबस्क्रायबरही झाले नसतील, तर जाऊन बघण्यात नुकसान कमी.

मला सर्वांत पटतो तो २०१९ मध्ये सुरू झालेल्या नेब्युला या व्हिडिओ सेवेचा मार्ग. तिथले क्रिएटर यूट्यूबवर राहतात, तिथूनच प्रेक्षकाला नेब्युलाचं नाव सांगतात आणि ज्याला परवडेल तो पैसे भरून जास्तीचं बघतो. एक्सक्यूसी या स्ट्रीमरनेही जून २०२३ मध्ये किकशी कोट्यवधी डॉलरचा करार केला, पण ट्विच सोडण्याची अट त्यात नव्हती.

तेव्हा करार हातात आला की रकमेच्या आधी 'एक्सक्लुझिव्ह', म्हणजे फक्त त्यांच्याकडेच काम करायचं, हा शब्द शोधा. तो असेल तर काढायला सांगा. ॲप बंद पडलं तर उरलेले हप्ते मिळणार का आणि व्हिडिओंचे हक्क कोणाकडे राहणार, हे लेखी घ्या. त्यांनी नकार दिला, तर तुमचं चॅनेल कालच्यासारखंच चालू आहे.