छातीतल्या जळजळीसाठी कोणती प्रश्नावली भरावी?

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी जळजळीची नीट नोंद व्हावी म्हणून घरी प्रश्नावली भरू इच्छिणाऱ्याने, माझ्या मते, प्रश्न किती आहेत यापेक्षा उत्तर कोणत्या मापात मागितले आहे हे आधी पाहावे. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावशीला मी दोन प्रश्नावल्या वाचून दाखवल्या, तेव्हा हा फरक माझ्या ध्यानात आला.

गर्डक्यू या प्रश्नावलीत अवघे ६ प्रश्न असून ते मागच्या ७ दिवसांपुरतेच असतात. प्रत्येक उत्तर दिवसांत द्यायचे असते: एकही नाही, १, २ ते ३ किंवा ४ ते ७. रविवारी तर्री-पोहे खाल्ल्यावर, मंगळवारी सावजी रस्सा झाल्यावर आणि गुरुवारी जेवून लगेच आडवे झाल्यावर जळजळ झाली, असे मावशीने बोटांवर मोजले आणि "तीन दिवस" असे चटकन सांगितले. अडली ती औषधाच्या प्रश्नावर. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळीखेरीज स्वतःहून काही घेतले का, या प्रश्नाला तिने "नाही" म्हटले, कारण पाण्यात घालून प्यायलेले इनो तिच्या लेखी औषधच नव्हते. हा प्रश्न विचारताना अशा वस्तूंची नावे घेऊनच विचारावे.

या प्रश्नावलीची खरी अडचण बेरजेत आहे. पोटाच्या वरच्या भागातील दुखणे आणि मळमळ ही लक्षणे दुसऱ्या विकाराकडेही निर्देश करत असल्याने त्यांचे गुण उलटे आहेत. त्रास नसेल तर ३ आणि जवळजवळ रोज असेल तर ०. परिणामी कसलाही त्रास नसलेल्या माणसाची बेरीजही ६ येते. एकूण १८ पैकी ८ किंवा अधिक गुण आल्यास आम्ल वर येण्याच्या विकाराची शक्यता धरतात. उलट्या गुणांची ही गोष्ट माहीत नसलेला माणूस ६ पाहून विनाकारण धास्तावेल.

जपानमध्ये तयार झालेल्या एफएसएसजी या दुसऱ्या प्रश्नावलीत १२ प्रश्न आहेत. प्रत्येकाला ० ते ४ गुण असल्याने ४८ पैकी सरळ बेरीज करायची असते आणि येथेही ८ हीच सीमा आहे. नकळत छातीवरून हात फिरवता का, वाकल्यावर जळजळते का, हे प्रश्न मावशीला फार आपलेसे वाटले. जेवणानंतरचा जडपणा आणि पोटफुगीही यात येत असल्याने ज्यांची तक्रार तेवढ्यापुरती आहे त्यांना ही सोयीची वाटेल. मात्र 'कधीतरी', 'कधी कधी' आणि 'बऱ्याचदा' यांतून निवड करताना मावशी म्हणाली, "आता हे कसं सांगू बाप्पा?"

आवाज बसणे, सतत खाकरणे, घशात गोळा अडकल्यासारखे वाटणे अशी तक्रार असेल, तर मागच्या महिन्याविषयीचे ९ प्रश्न विचारणारी आरएसआय ही प्रश्नावली घ्यावी. तिच्यात ४५ पैकी १३ हून अधिक गुण लक्षणीय मानतात, पण धूळ किंवा अ‍ॅलर्जीचा खोकलाही तेथे गुण वाढवतो.

प्रश्नावली कोणतीही असो, 'पित्त' हा शब्द टाळावा, कारण आपल्याकडे डोके दुखून उलटी झाली तरी पित्तच म्हणतात. गिळताना अडकत असेल, शौचाला काळे होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर गुण मोजत न बसता डॉक्टरांना दाखवावे. छातीत दाबल्यासारखे होऊन घाम येत असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

मावशीसाठी मी गर्डक्यू ठेवली आहे. जळजळ झाली त्या वारावर ती कॅलेंडरमध्ये खूण करते आणि बेरीज मी करतो.