धडाडी की चिकाटी?

ठाण्यातल्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या गाळेमालकांत दोन स्वभाव हमखास दिसतात. एक धडाडीचा: ऑर्डर हातात यायच्या आधीच मशीन बुक करणारा, बोलघेवडा. दुसरा चिकाटीचा: अबोल, पण जॉबचं, म्हणजे बनवायच्या भागाचं, माप चुकू न देणारा. नातेवाईक ‘धंदा रक्तात आहे’ म्हणतात ते पहिल्यालाच.

संशोधन इतकं एकतर्फी नाही. झाओ आणि सायबर्ट या संशोधकांनी २००६ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून उद्योजक आणि मॅनेजर ताडून पाहिले. बोलकेपणात विशेष फरक सापडला नाही. उद्योजक नव्या कल्पनांना जास्त मोकळे, कमी धास्तावणारे आणि (घरच्यांना हे पटेलच) कमी जुळवून घेणारे निघाले. भरवशाच्या बाबतीत दोघे जवळपास सारखेच, पण काहीतरी करून दाखवायची भूक उद्योजकांत जास्त. ही भूक प्रशिक्षणानेही वाढते, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड यांनी साठच्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्यातल्या व्यावसायिकांवरच्या प्रयोगातून मांडलं होतं.

गाळा घेण्यापुरती धडाडी हवीच. खरी कसोटी वसुलीची. लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं, असं कायदा सांगतो. तरी पैसे तटतात. तेव्हा दर सोमवारी न चिडता फोन करणारा टिकतो, आणि धडाडीवाला तोवर नवी मुंबईतल्या रबाळ्यात दुसरा गाळा बघत असतो! माझे पैसे लावायचे तर मी चिकाटीवाल्याकडे लावेन. फक्त गिऱ्हाईक आणायला त्याने एखादा बोलघेवडा भागीदार घ्यावा.