पेशवाईतली प्रेमकथा: कालप्रवास की शापित अंगठी?
पेशवाईतली अद्भुत प्रेमकथा दोन प्रकारे रचता येते: कालप्रवासाने किंवा शापित अंगठीने. पहिल्या प्रकारात आजची नायिका दिल्ली दरवाजातून थेट १७५९च्या शनिवारवाड्यात पोचते. फायदा मोठा: तिला समजावताना वाचकालाही सगळं समजतं. पण १४ जानेवारी १७६१चं पानिपत तिला ठाऊक असतं. मग भाऊंच्या फौजेबरोबर निघालेल्या नायकाला ती अडवत का नाही? याचं पटणारं कारण नसेल, तर कादंबरी तिथेच बसते.

दुसऱ्यात माणसं त्याच काळातली, अद्भुत तेवढी शापित अंगठी. भाषा एकजिनसी राहते, म्हणून आमचा कल इकडे. मात्र त्या काळात न बसणारे तपशील दगा देतात: नायिकेने चहा ओतला, संपलं! शनिवारवाड्यातलं हजारी कारंजंही नको. ते सवाई माधवरावांसाठीचं, म्हणजे १७७४नंतरचं. आणि अंगठीने प्रत्येक संकट फुकटात सोडवलं, तर विरहात जीव उरत नाही.