न्यूबर्ग : पगार थकलेल्या फौजेची जागा

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून गाडी धरून बीकनला उतरा, हडसन नदीपलीकडे न्यूबर्ग. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या अखेरीस जॉर्ज वॉशिंग्टनची फौज या भागात तळ ठोकून होती. हॅसब्रुक हाउस, म्हणजे वॉशिंग्टनचं मुख्यालय, आणि व्हेल्स गेटची छावणी यांत काही मैलांचं अंतर आहे, त्यामुळे टॅक्सीची सोय आधीच करा. वेळा हंगामानुसार बदलतात.

आधी छावणी बघा. पगार थकल्याने संतापलेल्या अधिकाऱ्यांची १५ मार्च १७८३ ची बैठक जिथे भरली, ते ‘टेंपल’ नावाचं सभागृह पुनर्बांधणीचं आहे, मूळ नव्हे. तिथे वॉशिंग्टनने चष्मा काढून ‘सेवेत डोळेही गेले’ म्हणत अधिकाऱ्यांना हेलावल्याचा किस्सा हमखास आठवतो, पण खरी मेख पैशांत आहे. १७८० मध्ये अधिकाऱ्यांना तहहयात अर्ध्या पगाराचं वचन दिलेलं, काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या मध्यवर्ती सभेला, मात्र कर लावायचा अधिकारच नव्हता. आयातीवरच्या ५ टक्के कराला सगळ्या राज्यांची संमती हवी होती; त्याला एकट्या ऱ्होड आयलंडने खो घातला. बैठकीनंतर आठवड्यात त्या अर्ध्या पगाराऐवजी पाच वर्षांचा पूर्ण पगार कबूल झाला, तोही रोख नव्हे, कागदी रोख्यांत. हे वाचून गेलात तरच टेंपलमधले रिकामे बाक बोलतात.

हॅसब्रुक हाउस मात्र अस्सल दगडी. सात दारं आणि एकच खिडकी असलेली खोली चुकवू नका. वेळ कमी असेल तर घर सोडा, छावणी नको.